एकशे सतरा नंबरातले तांदूळ

विमलचे सासरे, काशीराम परब, गिरणीत चौतीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले. पाळी कुठलीही असो, घरी येऊन जमिनीला पाठ टेकायचा अवकाश, माणूस घोरायला लागायचा. अशा माणसाची झोप निवृत्त झाल्यावर उडाली, आणि ती उडवली गौरीच्या दागिन्यांनी.

दागिने तसे फार नव्हते. एक नथ, एक ठुशी, पुतळ्यांची माळ, बाजूबंदांची जोडी आणि चांदीचा कंबरपट्टा. सासूबाईंनी आयुष्यभरात जमवलेले, पण त्यांनी ते स्वतःच्या अंगावर कधी घातले नाहीत आणि सुनांच्या अंगावर तर नाहीच नाही. ते गौरीचे. वर्षातले तीन दिवस गौरीच्या अंगावर आणि बाकीचे दिवस तांदळाच्या डब्याच्या तळाशी. घाटकोपरला भटवाडीतल्या दोन खोल्यांत सात माणसं त्या डब्यातला भात खायची. डबा खाली जायला लागला की विमल हाताने तळ चाचपायची, पुडकं लागलं की जीव भांड्यात पडायचा, आणि मग वरून नवे तांदूळ ओतायची. सासूबाई गेल्यावर हे काम थोरली सून म्हणून तिच्याकडे आलं होतं.

मग चाळीत चोरी झाली. खालच्या मजल्यावरच्या भाऊरावांचा ट्रान्झिस्टर आणि तांब्याचा हंडा गेला. त्या दिवसापासून काशीराम डब्याला डोकं टेकून झोपायला लागले. तीन दिवसांत मान धरली. चौथ्या दिवशी मान वाकडी ठेवूनच त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवलं.

"घरात सोना ठेवन माका झोप येणा नाय. काय ता बघा."

थोरला अनंत, म्हणजे विमलचा नवरा, नुसतं हं म्हणाला. कुठल्याही प्रश्नावर त्याचं हेच उत्तर असायचं. धाकटा मार्तंड फोर्टात कचेरीत होता, त्याला जगातल्या सोयी ठाऊक. त्याने स्टेशनजवळच्या बँकेत लॉकरसाठी नाव घातलं. त्या काळी गॅस, फोन आणि लॉकर या तीन गोष्टी माणसाच्या आयुष्यात नंबर लागल्यावरच यायच्या. यांचा नंबर लागायला दीड वर्ष गेलं, आणि तो लागला ऐंशी सालच्या श्रावणात, शुक्रवारी.

"नाव कुणाचं घालायचं?" मार्तंडने विचारलं.

"दागिने गवरीचे, गवर बायकांची," काशीराम म्हणाले. "दोन्ही सुनांची घाला."

म्हणून विमल आणि तिची धाकटी जाऊ सुलक्षणा, दोघी ठेवणीतली लुगडी नेसून बँकेत जाऊन बसल्या. सुलक्षणाच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती मॅट्रिक झालेली, इंग्रजी अक्षरं वाचणारी, आणि तरी प्रत्येक गोष्ट "वहिनी, करू ना?" असं विचारून करणारी. लॉकर सांभाळणाऱ्या बाई म्हणजे मृणालिनी टिपणीस. बारीक अंगाच्या, जाड चष्म्याच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

"लॉकर कोण उघडणार ते इथे लिहायचं. सोयीचं म्हणजे, दोघींपैकी कुणीही एक, अथवा मागे राहील ती."

"मागे राहील ती म्हणजे?" विमलने विचारलं.

"म्हणजे उद्या दोघींपैकी एकीचं काही बरंवाईट झालं, तर जी…"

विमलने कानांवर हात ठेवले. "अहो बाई! आज जिवतीचा शुक्रवार, आणि तुम्ही काय अभद्र बोलता!"

"मी नाही बोलत, फॉर्म बोलतो."

"खोडा ते. दुसरं काय आहे?"

"दुसरं म्हणजे दोघींनी मिळून. पण मग दर वेळी दोघींनी यावं लागेल. दोघींच्या सह्या झाल्याशिवाय मी दार उघडणार नाही. विचार करा."

"त्यात काय विचार करायचा?" विमल म्हणाली. "एका चुलीवरच्या आम्ही. येऊ की दोघी. काय गं सुलू?"

"हो तर," सुलक्षणा म्हणाली, आणि दोघींनी सह्या केल्या. विमलची एकेक अक्षर लावून, सुलक्षणाची एका झटक्यात.

लॉकर नंबर एकशे सतरा, खालून दुसऱ्या ओळीत. तिथे वाकून भागत नाही, खाली बसावंच लागतं. दोघी मांडी घालून बसल्या, जणू समोर निवडायला सूप ठेवलंय. टिपणीसबाईंनी रीत समजावली. आधी बँकेची किल्ली फिरणार, मग तुमची. एका किल्लीने उघडत नाही. बंद करायला मात्र तुमची एकटीच पुरते. बंद केल्यावर मूठ ओढून बघायची, खाली काही पडलं का बघायचं, किल्ली हरवायची नाही, दुसरी नसते.

दार उघडलं तेव्हा विमलने कनवटीची पुडी काढून दाराला कुंकवाचं बोट लावलं.

"अहो, अहो! बँकेची मालमत्ता आहे ती!"

"लक्ष्मी राहायला येतेय बाई. कोरड्या कपाळाच्या दारातून कशी नेऊ?"

पुडकं आत ठेवून झालं. सुलक्षणाने मूठ एकदा नाही, तीनदा ओढून बघितली, आणि मग देवळातून निघताना करतात तसा हात दाराला लावून कपाळाला लावला.

गौरी यायच्या वेळी दोघी पहिल्यांदा दागिने काढायला गेल्या, त्या दिवशी काशीरामही बरोबर होते. आत सोडत नाहीत म्हणून जाळीच्या दाराबाहेर बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसले होते. निघताना त्यांनी सुलक्षणाच्या हातात रुमालाची गाठ दिली. मूठभर तांदूळ आणि एक सुपारी.

"रिकामी जागा ठेवू नये. दागिने परत येयपर्यंत ह्या आत ठेवा. त्येंका तांदळाची सवय आसा."

टिपणीसबाई मुंग्या होतील, उंदीर होतील म्हणून ओरडल्या, पण तोवर तांदूळ लॉकरमधल्या पत्र्याच्या डब्यात पडले होते.

दागिने घरी न्यायचीही एक पद्धत ठरून गेली. पुडकं भाजीच्या पिशवीत तळाशी, वरून अळूची पानं. पिशवीला एक बंद विमलच्या हातात, एक सुलक्षणाच्या. आणि पाच पावलं मागे काशीराम, आपण यांना ओळखतच नाही अशा चेहऱ्याने, ऊन नसलं पाऊस नसला तरी छत्री उघडून, दर माणसाकडे चोर समजून बघत. रस्त्यातले लोक वळून वळून या म्हाताऱ्याकडेच बघायचे. विमलला हसू आवरायचं नाही. मागून दबका आवाज यायचा, "फुडे बघून चला गो! माझ्याकडे बघू नकात!"

चौऱ्याऐंशीत काशीराम गेले. पंच्याऐंशीत मार्तंडला मुलुंडला ब्लॉक मिळाला, स्वतःचा संडास आणि लिफ्ट असलेला. जाताना सुलक्षणा रडली, विमल रडली नाही. थोरल्या जावेने सामान बांधायचं असतं. चुली दोन झाल्या. गौर एकच राहिली, थोरल्याच्या घरी, आणि लॉकर एकच राहिला, दोघींनी मिळून उघडायचा.

आणि मग शहाऐंशी सालची गौर आली. परबांच्या गौरीला पहिल्या दिवशी गोड आणि दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य असतो, म्हणजे कोंबडी-वडे. ताटं वाढत असताना सुलक्षणा सहज म्हणाली, "वहिनी, पुढच्या वर्षी गौर आमच्याकडे न्यायची का? जागा मोठी आहे. फक्त आमच्या सोसायटीत सगळे शाकाहारी आहेत, तिखट नाही करता येणार. गोडावर भागवू."

घरात दहा बायका बसलेल्या. विमलच्या जिभेवर आलं आणि ती बोलून गेली, तेही चाळीतल्या सगळ्यांना हसवायचं म्हणून खास मालवणीत.

"म्हणजे आता आमची गवर ढोकळो खातली काय गो?"

बायका खो खो हसल्या. एकीला तर ठसका लागला. सुलक्षणाने हातातलं वड्यांचं ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि न जेवता निघून गेली.

आठ दिवसांनी दागिने परत ठेवायला दोघी बँकेत आल्या, सह्या केल्या, एक अक्षर न बोलता गेल्या. त्यानंतर वर्षभर काही नाही. दिवाळीला मार्तंड एकटा आला. विमलला रोज वाटायचं, आपण जाऊन यावं. पण जाऊन म्हणायचं काय? थोरल्या जावेने धाकटीची माफी मागितल्याचं तिने बघितलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. नसलेली गोष्ट करायची कशी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सत्त्याऐंशी साली गौर रविवारी यायची होती. शनिवारी बँक बारापर्यंतच. अनंतने मार्तंडच्या कचेरीत फोन करून निरोप दिला आणि घरी येऊन सांगितलं, "येईल म्हणाला ती."

"आणखी काय म्हणाला?"

"हं… लॉकर सोडायचं म्हणतेय ती. दागिने वाटून घ्यायचे आणि नंबर परत द्यायचा."

विमलच्या तव्यावर भाकरी होती, ती उलटायची राहिली आणि एका बाजूने करपली.

शनिवारी दहाच्या ठोक्याला ती बँकेत बाकावर बसली होती. बाक भरलेला होता. सगळ्यांच्याच घरी उद्या गौर येणार होती. एकेक बाई आत जायची आणि पिशवी पोटाशी धरून बाहेर पडायची. साडेदहा झाले. अकरा झाले.

"तुमची दुसरी सही आली का?" टिपणीसबाईंनी विचारलं. सात वर्षांत त्यांचा चष्मा आणखी जाड झाला होता.

"येतेय."

विमल किल्ली मुठीत धरून दाराकडे बघत राहिली. सुलक्षणा आली नाही तर गौर उद्या लंकेची पार्वती होऊन बसेल. आली तर दागिने दोन घरी जातील, लॉकर जाईल, आणि मग वर्षातून दोनदा तरी तिने यायलाच हवं असं काही कारणच उरणार नाही. यातलं जास्त वाईट कोणतं, हे विमलने मनाला विचारलं नाही. तिला माहीत होतं.

सव्वाअकराला सुलक्षणा आली. कडक इस्त्रीची साडी, केस कापलेले नव्हते पण अंबाडा वेगळा बांधलेला, काखेत छत्री, हातात पर्स आणि सोनाराकडची नवी मखमली डबी. ती थेट टिपणीसबाईंच्या टेबलाशी गेली.

"मी अर्ज आणलाय. लॉकर सोडायचाय. त्यांना सांगा, किल्ली काढा."

"टिपणीसबाई, किल्ली केव्हाची काढलीय म्हणावं," विमल म्हणाली. "सव्वा तास हातात आहे."

"त्यांना सांगा, बस मिळाली नाही."

"त्यांना सांगा, मुलुंडहून पहिल्यांदा येतेय का?"

टिपणीसबाईंनी चष्मा काढून पुसला. "बाई, मी लॉकर बघते. निरोप्याचं काम बँकेने मला दिलेलं नाही. सह्या करा आणि आत चला."

आत टिपणीसबाईंनी आपली किल्ली फिरवली, विमलने आपली, आणि बाई जाळीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. दोघी एकशे सतरासमोर मांडी घालून बसल्या. दारावरचं कुंकू पुसट झालं होतं, पण दिसत होतं.

पत्र्याचा डबा बाहेर काढला. सुलक्षणाने मखमली डबी उघडून शेजारी ठेवली.

"ठुशी आणि एक बाजूबंद मला द्या," ती डब्याकडे बघत म्हणाली. "नथ आणि माळ तुम्हाला. कंबरपट्ट्याचं नंतर बघू."

"एक बाजूबंद? गौरीला काय एकच हात आहे?"

"माझ्या गौरीला एक पुरेल. मी वेगळी बसवणार. ढोकळा खाणारी."

वर्षभर विमलने मनातल्या मनात या वाक्याची वाट बघितली होती. त्यावर द्यायची चार-पाच चांगली झणझणीत उत्तरं तिच्याकडे तयार होती. पण आता तिला दिसली ती नुसती नथ घातलेली, गळा मोकळा असलेली एक गौर भटवाडीत, आणि गळ्यात ठुशी पण नाक ओकंबोकं अशी दुसरी मुलुंडला.

"तुझं ताट झाकून ठेवलं होतं," ती एकदम म्हणाली.

"कुठलं ताट?"

"गेल्या वर्षीचं. संध्याकाळपर्यंत ठेवलं होतं."

"मला काय माहीत?"

"सांगणार कसं? आमच्याकडे फोन आहे?"

"पत्र टाकायचं मग."

"पत्रात काय लिहू? वडे गार झाले?"

सुलक्षणाच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिने तो लगेच जागेवर आणला. एकेक दागिना कापडातून सोडवून ती डबीत ठेवू लागली. कापडं विमलच्या जुन्या निळ्या लुगड्याची होती. सुलक्षणानेच एका वर्षी बसून चौकोन कापले होते. ठुशी ठेवली, नथ ठेवली, माळ ठेवली, बाजूबंद ठेवले, कंबरपट्टा विमलच्या पिशवीत गेला. वाटणी बाहेर टेबलावर करायची होती. डबा रिकामा झाला.

रिकामा डबा तिने आत सरकवला, पर्स उघडली, रुमालाची गाठ काढली, सोडली आणि मूठभर तांदूळ व एक सुपारी डब्यात टाकली. सगळं कसं न बघता, हाताला पाठ असल्यासारखं. टाकल्यावर मात्र हात तसाच आत राहिला.

विमल बघत होती. "लॉकर सोडायचाय ना तुला?"

"हो."

"मग हे कुणासाठी?"

सुलक्षणाने डब्यातले तांदूळ बोटाने सारखे केले.

"सवय," ती म्हणाली. "सकाळी निघताना बांधले. अर्ज आणि तांदूळ एकाच पर्समध्ये घातले, वहिनी. लक्षातच नाही आलं."

वर्षभरात पहिल्यांदा वहिनी म्हणाली होती. विमलने कनवटीची पुडी काढली आणि घरून आणलेले आपलेही मूठभर तांदूळ त्यावर ओतले. तिची सुपारी घरंगळून सुलक्षणाच्या सुपारीला लागली.

"आत काय चाललंय एवढा वेळ?" जाळीबाहेरून टिपणीसबाई ओरडल्या. "पावणेबारा झाले!"

"तांदूळ निवडतोय!" सुलक्षणा ओरडली, आणि मग दोघींना हसू फुटलं ते आवरेना. विमलने तोंडात पदर कोंबला. पदरामागे हसणं संपून दुसरंच काही सुरू झालं होतं, ते तिने तिथेच पुसून टाकलं.

"सुलू," ती म्हणाली. "परवा वडे तू करायचेस. माझे चिवट होतात."

सुलक्षणाने मान वर केली. विमलच्या हातच्या वड्यांना नाव ठेवायची अख्ख्या चाळीत कुणाची टाप नव्हती, आणि गेल्या नऊ वर्षांत खुद्द विमलनेही ते कधी ठेवलं नव्हतं.

"थोडे होतात," सुलक्षणा हळूच म्हणाली.

"थोडे नाही, चांगलेच होतात. आणि पुढच्या वर्षी गौर मुलुंडला ने. गोडाची."

"आणि तिखट?"

"मी डब्यात घालून आणीन. शेजारीण विचारेल तर सांग, औषध आहे."

"वहिनी, कोंबडीचा वास दोन मजले जातो."

"मग लिफ्टने आणू. लिफ्ट आहे ना तुमच्याकडे?"

सुलक्षणाने मखमली डबी मिटली. मग काही आठवून थांबली. "पण परवा सोमवार येतोय."

"गौरीच्या तिखटाला वार नसतो. मामंजी काय म्हणायचे विसरलीस?" विमलने दार ढकलून किल्ली फिरवली. "पीठ आजच दळून आणायला हवं. तांदूळ, उडीद, चण्याची डाळ, धणे… लिहून घे बाई, मेथी दरवर्षी राहते."

लिहायला कागद नव्हता. सुलक्षणाने पर्समधला अर्ज काढला, उलटा केला आणि गुडघ्यावर ठेवून यादी लिहिली. मग मूठ धरून तीनदा ओढून बघितली आणि हात कपाळाला लावला.

बाहेर टिपणीसबाई वहीत वेळ घालत होत्या. "अर्ज देताय ना?"

"त्याच्यावर वड्यांची यादी झाली," विमल म्हणाली.

"बरं झालं. मग एक ऐका, निदान सही तरी सोपी करून घ्या. दर वेळी दोघींना हेलपाटा. दोघींपैकी कुणीही एक, अथवा मागे राहील…"

"नको!" दोघी एकदम म्हणाल्या, इतक्या मोठ्याने की बाकावरच्या उरलेल्या बाईने पिशवी पोटाशी घट्ट धरली.

स्टेशनबाहेर अळू घेतलं. डबी पिशवीत तळाशी, वरून पानं. एक बंद विमलच्या हातात, एक सुलक्षणाच्या. चार पावलं चालल्या आणि दोघींची मान आपोआप मागे वळली. मागे गर्दी होती, फुलवाला होता, बुटपॉलिशवाला होता. छत्री कुणाची नव्हती.

सुलक्षणाने आपल्या हातातला बंद विमलच्या हातात दिला. विमलला कळेना. वळून बघते तर धाकटी जाऊ पाच पावलं मागे उभी, स्वच्छ उन्हात छत्री उघडलेली, तोंड वाकडं केलेलं, आणि बुटपॉलिशवाल्याकडे पक्का चोर समजून बघतेय.

"फुडे बघून चला गो!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "माझ्याकडे बघू नकात!"